घरच्या माणसाचं खातं

साल १९९८. संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात होता, आणि आमच्या वडके पत्रा वर्क्सच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला होता. त्याच्यावर वहिनीने क्रोशाचा रुमाल घातला होता आणि रुमालावर अण्णाने हळदकुंकू वाहिलं होतं.

"ताई, आधी हा रुमाल काढा," नायकवडी सर म्हणाले. "त्याला आत उकडतं."

"आणि कुंकू?"

"ते राहू दे. त्याने काही बिघडत नाही."

दस्तगीर नायकवडी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले होते आणि आता कराडातल्या दुकानांना कॉम्प्युटरवर हिशेब मांडून देत होते. आमच्या ऑडिटरनेच त्यांना पाठवलं होतं. आमचा कारखाना ट्रंका, धान्याच्या कोठ्या आणि कपाटं बनवायचा. ऑफिस आणि कारखाना यांच्यामध्ये एकच भिंत, आणि पलीकडे दिवसभर पत्र्यावर हातोडे. बोललेलं ऐकू यायचं नाही. म्हणून कारागीर जेवायला बसले, की आमची शिकवणी सुरू व्हायची. मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते. कारखान्याची रोजकीर्द आणि खतावणी तरुणपणापासून मीच लिहीत आले होते, त्यामुळे हिशेब मला नवा नव्हता. नवीन होते ते गट.

"हे बघा," सर म्हणाले. "आधी घरं बांधायची, मग माणसं राहायला आणायची. गट म्हणजे घर. खातं म्हणजे माणूस. प्रत्येक खातं कुठल्या तरी गटात बसलंच पाहिजे. बिनघराचं खातं हा प्रोग्राम घेत नाही. तो लगेच विचारतो, गट कोणता?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तिथेच अडून बसतो. पुढे सरकत नाही."

मग आम्ही एकेक खातं वाचत गेलो. पत्रा, रिबिटा, कडीकोयंडे हे कच्च्या मालात. टेंपोचं डिझेल वाहतुकीत. मारुती आणि शिवराम हे मुख्य कारागीर पगारात. अण्णा दारातल्या खुर्चीवर बसून ऐकत होता. तो कारखान्याचा मालक आणि माझा थोरला भाऊ. हिशेब त्याला आवडत नसे, पण नव्या यंत्राजवळ बसायला आवडत होतं.

"शनिवारचं मारुतीच्या देवळातलं तेल?" मी विचारलं. "देणगीत घालू?"

"देणगीत कशाला?" अण्णा तिथून ओरडला. "मशिनच्या वंगणात घाल. त्याच्यामुळेच मशिन चालतं."

"अण्णा, ऑडिटर विचारेल," सर म्हणाले.

"त्याला म्हणावं, एक शनिवार चुकवून बघ."

सर हसले आणि त्यांनी ते खरोखरच वंगणात घातलं. मग घरखर्च आला. त्याला सरांनी 'मालकाची उचल' असं नाव सुचवलं. दुकानातून मालकाने घरासाठी जे काढलं ते सगळं त्यात. मी वाचत होते आणि ते बटणं दाबत होते. किराणा, दूध, नंदूची फी, वहिनीचं दातांचं औषध, माझा चष्मा, माझ्या साड्या, माझं गुडघ्याचं तेल.

सर थांबले. "आणि तुमचा पगार कुठे लिहिता? पगाराच्या गटात तुमचं नाव आलं नाही."

"मला पगार नाही."

"मग भागीदार आहात?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग तुम्ही कुठल्या गटात, ताई?"

मी काही बोलायच्या आतच अण्णा मोठ्याने हसला. "ती कशाला गटात बसेल? ती घरची आहे!"

भिंतीपलीकडे हातोडे सुरू झाले आणि त्या दिवशीची शिकवणी संपली.

सरांनी प्रश्न सहज विचारला होता. पण त्याच आठवड्यात मला तो दुसऱ्या एका टेबलापलीकडूनही विचारला गेला होता, आणि ते घरात कुणाला माहीत नव्हतं. सोमवार पेठेच्या पुढे नदीच्या अंगाला शिक्षकांची एक सोसायटी झाली होती. तिथला दोन खोल्यांचा एक ब्लॉक विकायचा होता. मी तो बघून आले होते. बँकेत गेले, तर मॅनेजर फार अदबीने म्हणाले, "बाई, बाकी सगळं होईल. फक्त पगाराचा दाखला आणा." कारखान्यातली पत्र्याची शीट न शीट माझ्या अक्षरात लिहिलेली होती, पण दाखला आणायचा तर माझ्या नावाचं कुठे काहीच नव्हतं.

नंदूचं, म्हणजे अण्णाच्या मुलाचं, लग्न ठरत आलं होतं. मधली खोली माझी. ती रिकामी कर असं मला कुणी म्हणालं नव्हतं, म्हणणारही नव्हतं. नंदू माडीवरच्या अडगळीच्या खोलीत संसार थाटायला तयार होता. तेच मला टोचत होतं. आणि खरं सांगायचं तर नंदू हे निमित्त होतं. मला एकदा स्वतःच्या दाराला आतून कडी लावून बसायचं होतं. भांडून नाही, रुसून नाही. नुसतं बसायचं होतं.

त्या संध्याकाळी अण्णा ओसरीवर एका ट्रंकेवर नाव रंगवत बसला होता. बोर्डिंगला जाणाऱ्या मुलांच्या ट्रंकांवर इंग्रजीत नावं घालायचं काम तो कुणाला देत नसे. एवढ्यापुरतीच त्याची इंग्रजी होती, पण अक्षर मोत्यासारखं. मी जवळ जाऊन बसले.

"अण्णा, माझं एक खातं उघडू या का? पगाराचं."

कुंचला हातातच राहिला. "काय कमी पडलं?"

"काही नाही."

"वहिनी काही बोलली?"

"छे!"

"नंदू?"

"कुणी काही बोललं नाही रे. मलाच वाटतंय."

तो बराच वेळ कुंचला डबीच्या काठाला पुसत राहिला. मग म्हणाला, "खातं परक्याचं असतं, यमे."

मला ते ठाऊक होतं. आमच्या घरात ती रीतच होती. बाबांनी घातलेली. ज्याच्याशी कधीतरी हिशेब मिटवायचा, त्याचं खातं. गिऱ्हाईकाचं, पेढीचं, कारागिराचं. घरच्या माणसाचं खातं उघडायचं नाही, कारण घरच्या माणसाशी हिशेब मिटत नसतो. घरातल्या मुलीचं खातं उघडायचं ते तिच्या लग्नाच्या दिवशी. मग दिवाळीची साडी, बाळंतविडा, सगळं त्या नावावर. माझंही तसं उघडलं होतं. वाईला दिली होती मला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा मोटारीच्या अपघातात गेला, आणि सासरी माझं काय करायचं हा प्रश्न पडला. तेव्हा अण्णा स्वतः टेंपो घेऊन वाईला आला. कुणाशी एक शब्द बोलला नाही. माझी ट्रंक उचलून मागे ठेवली, मला पुढे बसवलं. घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी त्याने चोपडी काढली आणि माझ्या खात्यावर आडवी रेघ मारली. "बंद," म्हणाला. "आता तू घरची." त्या रेघेने मला जेवढा धीर दिला, तेवढा कुणाच्या बोलण्याने दिला नव्हता.

आणि आता मीच त्याला म्हणत होते, खातं उघड.

"राहू दे," मी म्हटलं. "उगाच विचारलं."

"उगाच कसं?" तो म्हणाला. आणि पुन्हा ट्रंकेवरच्या नावाकडे वळला. रात्री सगळे जेवायला बसलो. वहिनीने दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी वाढत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात गेले, तर अण्णा कॉम्प्युटरसमोर. एका बोटाने अक्षर शोधत होता. मला बघून दचकला आणि पडद्यासमोर आडवा आला.

"काय चाललंय?"

"काही नाही. बघत होतो. तुला दुपारी कळेल."

त्याचा चेहरा फार दिवसांनी असा उजळला होता. दुपारपर्यंत तो दोनदा कारखान्यातून ऑफिसात डोकावून गेला. कारागीर जेवायला बसले आणि नायकवडी सर आले, तसा तो हात धुऊन खुर्ची ओढून जवळच बसला. वहिनी आम्हा तिघांसाठी ताक घेऊन आली होती. तिलाही त्याने थांबवलं.

"सर, तो सगळा हिशेब कागदावर काढा," तो म्हणाला. "एकदा बघू दे कसा दिसतो."

सरांनी प्रिंटर लावला. त्या प्रिंटरचा आवाज म्हणजे पलीकडचे हातोडे बरे. कागद सरकत बाहेर आला. अण्णाने तो फाडून घेतला, चष्मा चढवला आणि बोट लावून वाचू लागला. सगळं इंग्रजीत होतं, पण तो अक्षरं जुळवत उतरत गेला. खालपर्यंत गेला. पुन्हा वर आला. दुसऱ्यांदा बोट खाली गेलं तेव्हा ते सावकाश फिरत होतं.

"ह्यात नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"मी सकाळी घातलं होतं. यमू."

सर पडद्याकडे वळले. गटांची यादी उघडली. कच्चा माल, पगार, वाहतूक, मालकाची उचल, आणि सगळ्यांत खाली इंग्रजी मोठ्या अक्षरांत एक नाव. ट्रंकेवर घालतात तसं. यमू.

"अण्णा, तुम्ही ताईंच्या नावाचा गट उघडलात?"

"हो." अण्णा माझ्याकडे पाहत नव्हता. "खातं नाही उघडलं. खातं परक्याचं. गट म्हणजे घर, तुम्हीच म्हणालात ना? मग म्हटलं, हिला एक घर उघडून देऊ. नुसतं नाव टाकलं की झालं. कुणाच्या खाली नाही, कुणाच्या वर नाही."

वहिनीने तोंडाला पदर लावला. ती हसते आहे की काय, मला कळेना.

सर फार हळू बोलले. "फार चांगलं केलंत. पण अण्णा, गटात काही लिहिता येत नाही. गट नुसता पत्ता असतो. त्यात खातं असलं, तरच तो कागदावर येतो. रिकामं घर रिपोर्टात दाखवत नाहीत."

"म्हणजे मी नाव घातलं तरी ती दिसणार नाही?"

"नाही."

अण्णाने कागद टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी सपाट केला. मला त्याची दया आली. मी म्हटलं, "जाऊ दे रे. ह्याच्यावाचून इतकी वर्षं काय अडलं?"

त्याने ऐकलं नाही. तो कागदाच्या वरच्या भागाकडे बघत होता. "हे काय आहे? डी एस वडके. हा मीच ना?"

"तुम्हीच. मालकाचं भांडवल. ते तुमचं खातं."

"माझं खातं?"

"असतंच ते, अण्णा," मी म्हटलं. "दर वर्षी असतं. ऑडिटर सहीला आणतात त्यात पहिल्याच ओळीत असतं."

"मी कधी वाचलंय?" तो म्हणाला. "मी सही करतो." मग सरांना विचारलं, "माझं खातं कशाला? दुकान तर माझंच."

"हिशेबात दुकान वेगळं आणि मालक वेगळा. दुकान मालकाचंही देणं लागतंच."

"म्हणजे दुकानाला मी परका?"

सरांनी क्षणभर विचार केला. "परका नाही. नोंदलेला."

ताकाचे पेले तसेच होते. मग अण्णाने कागदावर बोट ठेवलं आणि वहिनीला म्हणाला, "तुला माहीत होतं? बाबांचंही असणार असं."

"मला काय माहीत?" वहिनी म्हणाली. "मला वाचायला कोण देतंय? पण मला एवढं कळतं. तुमचं खातं असून तुम्ही रोज घरी जेवायला येता की."

अण्णाने खुर्ची कॉम्प्युटरकडे सरकवली. "सर, सरका. हिचं माझ्या शेजारी लिहितो."

"तिथे लिहायचं तर भागीदारीचा करार करावा लागेल."

"करू."

"नको," मी म्हटलं. "पगारात लिही. मला पगाराचा दाखला हवाय."

"कशाला?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं. सोसायटी, दोन खोल्या, बँकेचे मॅनेजर, सगळं. सांगताना मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. सर उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर वाळत घातलेल्या रंगवलेल्या कोठ्या बघू लागले.

"म्हणजे तू चाललीस," अण्णा म्हणाला.

"कराडातच आहे रे. चालत येण्यासारखं. रोज इथेच येणार आहे कामाला."

"मी म्हटलं होतं. खातं उघडलं की..." माझा भाऊ पत्र्याची शीट हातांनी वाकवायचा. त्या दिवशी त्याचे हात मांडीवर तसेच पडून होते.

"मी बघून आलेय ती जागा," वहिनी म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"शिंदेबाईंच्या शेजारचाच ब्लॉक आहे. त्यांनीच सांगितलं, तुमच्या नणंदबाई आल्या होत्या म्हणून. मग मीही गेले, भाजी आणायच्या निमित्ताने. मोरी जरा लहान आहे. पण ओटा उंच आहे, हिच्या गुडघ्यांना बरा." तिने ताकाचा पेला अण्णासमोर सरकवला. "तुम्ही वाईहून हिला घेऊन आलात, तेव्हा हिला विचारलं होतंत का?"

"ते विचारायची वेळ होती का?"

"नव्हती. म्हणून कुणी काही म्हटलं नाही. आता आहे. आता तिने विचारलंय."

अण्णाने ताक एका दमात प्यायलं. पेला ठेवला. मिशा पुसल्या. मग त्याने एका बोटाने माझं नाव टाइप करायला सुरुवात केली. प्रत्येक अक्षराला थांबून, ट्रंकेवर रंगवावं तसं. आडनावापाशी तो अडला. कागदोपत्री मी अजून वाईच्या लोकांच्या नावाने होते.

"कुठलं घालू?"

"बँकेला जे चालेल ते," मी म्हटलं.

"बँकेचं नंतर. तुला कुठलं हवंय?"

हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "वडके." त्याने मान हलवली, नीट घातलं, आणि पडद्यावर प्रश्न आला, गट कोणता? सरांनी मागून काही सांगायच्या आत त्याने पगार हा गट बोटाने दाखवला. मग तो माझ्याकडे वळला. डोळे भरलेले होते, पण आवाज नेहमीचा, दमदार.

"किती घालू पगार? सांग ना. मारुतीपेक्षा जास्त घालतो, पण त्याला सांगू नकोस. कामावर यायचं बंद करेल."

पलीकडे कारागिरांनी हातोडे हातात घेतले, आणि मी काय उत्तर दिलं ते कुणालाच ऐकू आलं नाही.

नायकवडी सर त्यानंतर काही वर्षं आमच्याकडे येत राहिले. बँकेला चालेल असा नाव बदलल्याचा कागदही त्यांनीच कचेरीत खेपा घालून करून दिला. पुढे त्यांच्या मुलाने त्यांना इचलकरंजीला नेलं, आणि ते तिथेच वारले. त्यांच्या बेगमबाई अजून ईदला शिरखुर्मा पाठवतात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती.

वहिनी २००९ मध्ये गेली. माझ्या घराची एक किल्ली तिच्याकडे असे. दुपारी येऊन ती माझ्या पलंगावर झोपायची आणि घरी सांगायची, भजनाला गेले होते.

नंदूने पत्र्याचं काम बंद केलं. प्लास्टिकच्या टाक्या आल्यावर कोठ्या कोण घेणार? आता तो तिथे फर्निचरचं दुकान चालवतो आणि त्याची बायको हिशेब बघते. तिचा पगार पहिल्या महिन्यापासून लिहिला जातो.

अण्णा वहिनी गेल्यानंतर दिवसभर माझ्याकडे येऊन बसायचा, मग रात्रीही राहू लागला. नंदू न्यायला आला की म्हणायचा, उद्या येतो. एक दिवस मी म्हटलं, "इथेच राहतोस तर रेशनकार्डावर तरी नाव घालू." आम्ही रिक्षाने पुरवठा कचेरीत गेलो. खिडकीतल्या मुलीने फॉर्मवरून नजर न उचलता विचारलं, "कुटुंबप्रमुख कोण?" पुरुषमाणूस समोर उभा होता, म्हणून तिने त्याचंच नाव लिहायला पेन टेकवलं होतं.

अण्णाने काठी उचलून माझ्याकडे केली.

"ही," तो म्हणाला. "मी हिच्याकडे असतो."